जुने पंचांग
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



या व्यासपीठावर मी आजवर पुष्कळदा उभी राहिले आहे, पण ती बहुधा जमाखर्चाचा अहवाल वाचण्यासाठी. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला म्हणून हिशेबाचे काम माझ्याकडे आले आणि मी ते आनंदाने करते. आजही एका परीने मी हिशेबच सांगणार आहे. चिटणीसबाईंनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "आकाशातल्या कृत्रिम उपग्रहांच्या वेळा काढून देणारं सॉफ्टवेअर." त्या जरा थबकल्या. मग हसून म्हणाल्या, "म्हणजे त्या रथसप्तमीचं का?"

होय, त्या रथसप्तमीचेच. आपल्यापैकी वीसबावीस जणी त्या संध्याकाळी हळदीकुंकवाला माझ्या घरी आल्या होत्या. तिळगूळ आणि वाण बाजूला ठेवून मी सर्वांना गच्चीवर नेले. बरोबर सात वाजून चार मिनिटांनी अंतराळस्थानक डोक्यावरून जाईल, असे छातीठोकपणे सांगितले. पुढे काय झाले ते आपण जाणताच. माना वर करकरून दुखल्या, काहीही दिसले नाही, आणि सगळ्या जणी चेष्टा करीत खाली उतरल्या. ती चेष्टा मला लागली नाही. लागले ते निराळेच. त्या संध्याकाळचा हिशेब द्यावयाचा राहिला आहे, तो आज देते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आमच्या सासूबाईंना आपण सर्व जणी माई म्हणत असू. माईंना आकाशाचे भय वाटे. विजेचे नव्हे, ढगांचे नव्हे. माणसाने वर पाठवलेल्या वस्तूंचे. त्याचे मूळ १९७९ सालचे. अमेरिकेची स्कायलॅब नावाची सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा १९७३ साली आकाशात गेली होती आणि ती आता खाली येणार होती. केव्हा आणि कोठे, हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. आषाढ महिना होता. गावोगाव अफवा उठल्या होत्या. माईंनी त्या रात्री मुलांच्या पथाऱ्या सोप्यातून उचलून माजघरात घातल्या, कारण माजघरावर मजला होता. स्वतः मात्र उंबऱ्याशी बसून राहिल्या. स्कायलॅब ११ जुलै १९७९ रोजी हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्यातुकड्यांनी पडली. कोणालाही इजा झाली नाही. पण माईंच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली, की वर काहीतरी फिरते आहे आणि त्याचा ठाव कोणालाच नाही.

पुढे बेचाळीसत्रेचाळीस वर्षांनी ते भय पुन्हा जागे झाले. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात अनेकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या ठिणग्यांची रांग पाहिली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. आसपास धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च जातीच्या रॉकेटचा तो भाग असावा, असे जाणकारांचे मत पडले. सुदैवाने त्याही वेळी कोणी दुखावले नाही. माईंनी दूरदर्शनवर ते कडे पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात बाज टाकणे बंद केले.

मी मनाशी म्हटले, हे भय शब्दांनी जाणार नाही. वरची वस्तू सांगितल्या वेळी येते आणि सांगितल्या वेळी जाते, हे एकदा डोळ्यांनी दिसले, तरच जाईल. म्हणून त्या रथसप्तमीला पंचेऐंशी वर्षांच्या माईंना दोघांनी हात धरून गच्चीवर आणले होते आणि खुर्चीवर बसवले होते. आपल्याला ती हौस वाटली असेल. माझ्या लेखी ती परीक्षा होती.

आता ही वेळ काढतात तरी कशी, ते पाहू. आपण सगळ्या जणी संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहतो. कालनिर्णयात गावोगावच्या वेळा दिलेल्या असतात. मुंबईला चंद्र ज्या वेळी उगवतो, त्याच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी तो नागपूरला उगवलेला असतो. म्हणजे वेळ काढण्यास तीन गोष्टी लागतात: चंद्र कोणत्या वाटेने आणि कोणत्या गतीने चालला आहे, आपण पृथ्वीवर कोठे उभ्या आहोत आणि घड्याळ किती वाजले दाखवते. उपग्रहांचे सॉफ्टवेअर नेमक्या ह्याच तीन गोष्टी मागते. ते म्हणजे उपग्रहांचे पंचांग होय. फरक इतकाच, की हे पंचांग छापून येत नाही. आपण विचारू त्या क्षणी संगणक ते मांडून देतो.

चंद्राला पृथ्वीभोवती फिरण्यास सत्तावीस दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो. अंतराळस्थानक आपल्यापासून फक्त चारशे किलोमीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून त्याची फेरी सुमारे त्र्याण्णव मिनिटांत पुरी होते. दिवसाकाठी साडेपंधरा फेऱ्या! सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक, म्हणजे मुंबईहून नागपूरला दीड मिनिटात. इतक्या वेगाने जाणारी वस्तू खालीच पडत असते, पण ती पडते तितकी पृथ्वीची पाठही वळत जाते, म्हणून ती जमिनीला लागत नाही. त्या स्थानकाला स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे सूर्य मावळून अंधार झाला, तरी तेवढ्या उंचीवर ऊन असते, आणि त्या उन्हात ते चमकते. म्हणून ते दिसते तिन्हीसांजेनंतर किंवा पहाटे. मध्यरात्री बहुधा नाही, कारण तेव्हा तेही पृथ्वीच्या सावलीत असते.

ही विद्या सुरू झाली ती ४ ऑक्टोबर १९५७ रोजी. त्या दिवशी रशियाने स्पुटनिक हा पहिला उपग्रह सोडला. तो केवळ अठ्ठावन्न सेंटिमीटरांचा गोळा, पण दर शहाण्णव मिनिटांनी जगाभोवती फेरी घालीत रेडिओवर 'बीप बीप' असा आवाज करी. अमेरिकेत मेरीलँड येथील एका प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ तो आवाज ऐकत बसले. आगगाडी शिट्टी वाजवीत जवळ येते तेव्हा शिट्टीचा सूर चढा वाटतो, आणि ती दूर जाऊ लागली की उतरतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या दोघांनी स्पुटनिकच्या सुराचा असाच चढउतार मोजला आणि एवढ्यावरून त्याची सारी कक्षा काढली. मग त्यांच्या वरिष्ठांना सुचले, की उपग्रह कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर उलट गणित करून आपण कोठे आहोत हेही काढता येईल. आज तुमच्या हातातला फोन पुण्याच्या गल्लीबोळांतून वाट दाखवतो, त्याचा उगम इथला.

त्याच काळात डोळ्यांनी पाहणारेही होते. अमेरिकेच्या स्मिथसोनियन वेधशाळेने देशोदेशी हौशी मंडळींची पथके उभी केली. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, शाळकरी मुले छोट्या दुर्बिणी लावून रांगेत बसत आणि उपग्रह अमक्या क्षणी अमक्या ठिकाणाहून गेला, अशी नोंद कळवीत. याच वेधशाळेने जगात बारा ठिकाणी मोठे कॅमेरे बसवले, त्यांपैकी एक आपल्या नैनितालला होता. सांगावयाचे कारण असे, की सॉफ्टवेअर कितीही हुशार असो, त्याच्या मुळाशी कोणीतरी जागून घेतलेली नोंद असते. पाहणे आधी, गणित नंतर.

गणिताविषयी बोलताना एका बाईंचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कॅथरीन जॉन्सन. १९१८ साली जन्मलेल्या ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन बाई नासामध्ये कक्षांची गणिते करीत. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्यांच्या वाटेचे गणित नव्या यंत्राने, म्हणजे संगणकाने, केले होते. ग्लेन यांनी आग्रह धरला, की त्या बाईंनी हेच आकडे हाताने तपासून दिल्याखेरीज आपण निघणार नाही. बाईंनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रावर ते सारे पडताळून दिले, आणि मग ते निघाले. यंत्राला कोणीतरी माणसाने पडताळले पाहिजे, ही गोष्ट एका अंतराळवीराला कळली होती. मला ती रथसप्तमीला कळावयाची होती.

आता त्या सॉफ्टवेअरच्या पोटात डोकावू. जगातील रडार आणि दुर्बिणी मिळून आज तीस हजारांहून अधिक वस्तूंवर नजर ठेवतात. चालू उपग्रह, बंद पडलेले उपग्रह, रॉकेटांची टरफले, तुकडे. त्यांपैकी बहुतेक वस्तूंची माहिती अमेरिकेचे सैन्यदल दोन ओळींत लिहून प्रसिद्ध करते. प्रत्येक ओळ एकूणसत्तर अक्षरांची. ही त्या वस्तूची जणू पत्रिकाच. पहिल्या ओळीत तिचा क्रमांक, हे अंक कोणत्या वर्षाच्या कितव्या दिवसाचे आहेत ते आणि हवा तिला किती अडवते याचा अंक. दुसऱ्या ओळीत कक्षा विषुववृत्ताला किती अंशांनी कललेली आहे, कोणत्या दिशेला वळलेली आहे, वाटोळी की लांबट, त्या क्षणी वस्तू कक्षेत कोठे होती आणि दिवसाला किती फेऱ्या घालते. अंतराळस्थानकाचा क्रमांक २५५४४ आणि कल एक्कावन्न पूर्णांक सहा दशांश अंश. म्हणूनच ते दक्षिणोत्तर बावन्न अंशांपलीकडे जात नाही आणि आपल्या वाईवरून मात्र जाते.

ह्या दोन ओळींवरून पुढची स्थिती काढण्याची रीत १९८० साली एका अहवालात सर्वांसाठी छापली गेली. हूट्स आणि रोरिक या दोघांनी सूत्रे तर दिलीच, पण संगणकाला घालावयाची आज्ञावलीही छापून टाकली. आपल्याकडे पूर्वी पाककृतीच्या वहीत मापासकट कृती उतरवून देत, तसे ते झाले. मग ज्याला हवी त्याने ती कृती घेतली. टी. एस. केल्सो नावाचे गृहस्थ १९८५ पासून त्या दोन दोन ओळी लोकांना फुकट पोचवीत आले. अलेक्झांड्रू चेटे यांनी जीप्रेडिक्ट नावाचे मोफत सॉफ्टवेअर लिहिले. असे आणखीही कितीतरी आहेत. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरावेत, उपग्रहाचे नाव निवडावे, की तो केव्हा उगवेल, कोणत्या दिशेस, किती उंच चढेल आणि केव्हा मावळेल याचा तक्ता समोर येतो. जगाच्या नकाशावर ठिपका सरकत असतो तो वेगळाच. माझ्यासारखीला त्याचे व्यसन लागावे, यात नवल नाही.

तर त्या संध्याकाळी तक्ता म्हणाला, सात वाजून चार मिनिटे, पसरणीच्या घाटाच्या बाजूने येऊन थेट डोक्यावरून ईशान्येला. सात वाजले, चार मिनिटे झाली, दहा झाली. आपण खाली उतरलात. माईंना उतरवायला मी आणि ह्यांनी हात दिला. जिन्यात मी म्हटले, "माई, चुकलं हो माझं." मला वाटले, त्या म्हणणार, 'बघ, मी सांगत नव्हते, कोणालाच ठाव नाही.' पण त्या एक पायरी थांबून शांतपणे म्हणाल्या, "अगं, पंचांग जुनं असेल तुझं."

इतक्यात गच्चीवर खुर्च्या गोळा करीत मागे राहिलेला शेजारचा मुलगा ओरडत आला, "काकू, गेलं! आत्ता गेलं! पांडवगडाच्या बाजूनं गेलं!" मी घड्याळ पाहिले. सात वाजून सतरा मिनिटे. तेरा मिनिटांचा उशीर, आणि तोही डोक्यावरून नव्हे, वायव्येकडे कललेला.

त्या रात्री पाहुण्या गेल्यावर मी संगणक उघडला. माईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझ्या संगणकातल्या त्या दोन ओळी बावीस दिवसांच्या जुन्या होत्या. ताज्या ओळी आणण्यासाठी एक कळ दाबावयाची असते. ती मी दाबलीच नव्हती. तक्ता इतका सुबक, सेकंदांपर्यंत मांडलेला, की तो शिळा असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही.

शिळा का होतो? चंद्राचे पंचांग वर्षभर आधी छापले तरी चालते, कारण चंद्राच्या वाटेत हवा नाही. स्थानकाच्या वाटेत मात्र अतिविरळ का होईना, हवा आहे. ती त्याला अडवते आणि ते महिन्याला साधारण दोन किलोमीटर, कधी कमी, कधी जास्त, खाली येते. म्हणून मधूनमधून इंजिन चालवून त्याला पुन्हा वर उचलतात. माझ्या जुन्या ओळी घेतल्यानंतर दोनतीन दिवसांतच त्याला असे उचलले गेले होते. आता गंमत पाहा. उंची केवळ दोन किलोमीटर वाढली, की वाट लांबते आणि चाल मंदावते. प्रत्येक फेरीस सुमारे अडीच सेकंद अधिक लागतात. अडीच सेकंद म्हणजे काय, पापणी लवते तेवढे. पण दिवसाच्या साडेपंधरा फेऱ्या. म्हणजे दिवसाला अडतीस सेकंद, आणि वीस दिवसांत साडेबारा मिनिटे. पै-पैचे व्याज कसे वाढते ते आपल्या बचतगटाला मी सांगावयास नको. आणि त्या बारातेरा मिनिटांत पृथ्वी आपल्यासकट सव्वातीन अंश पूर्वेकडे वळली होती. म्हणून स्थानक आपल्या पश्चिमेने, पांडवगडाच्या अंगाने निघून गेले.

शिवाय ही वरची हवाही स्थिर नसते. सूर्यावर वादळे झाली, की ती तापून फुगते आणि उपग्रहांना अधिक अडवते. स्कायलॅब अंदाजाआधी खाली आली, त्याचे हे एक मोठे कारण होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या एकोणपन्नास स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास उपग्रह अशाच एका सौर वादळाने खाली ओढले गेले. सूर्य परवा काय करील हे दोन ओळींत लिहिता येत नाही.

माईंचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण पंचांग जुने होते ही गोष्ट आपल्या मातीत नवी नाही. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिला. त्याआधीच्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशात त्या जागी दिसेनात, म्हणून त्यांनी गणित नव्याने बसवले. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हेही स्वतः आकाशाचे वेध घेत. पुढे तीनचारशे वर्षे आपली पंचांगे ह्याच 'ग्रहलाघवा'वरून होत राहिली आणि हळूहळू तेही आकाशाशी जुळेनासे झाले. तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरोपंत छत्रे आणि नंतर वेंकटेश बापूजी केतकर यांनी नवे वेध, नवी कोष्टके यांच्या आधारे ते पुन्हा जुळवले. डोळ्यांना दिसते त्याच्याशी गणित जुळणे, ह्याला आपल्या ज्योतिषात दृक्‌प्रत्यय असा सुंदर शब्द आहे. त्या सर्वांनी आधीच्यांचा अनादर केला नाही. फक्त मान वर करून पुन्हा एकदा पाहिले. ग्रहांच्या पंचांगाला शिळे व्हायला शतके लागतात, स्थानकाच्या पंचांगाला आठवडा पुरतो. नियम एकच.

कोणी म्हणेल, गच्चीवरच्या चार बायकांची निराशा झाली, एवढेच ना? तेवढेच असते, तर मी आपला वेळ घेतला नसता. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर, जवळजवळ आठशे किलोमीटर उंचीवर, इरिडियम ३३ हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस २२५१ हा रशियाचा बंद पडलेला उपग्रह एकमेकांवर आदळले. सेकंदाला सुमारे पावणेबारा किलोमीटर वेगाने! दोहोंचे मिळून मोजता येण्याजोगे दोन हजारांच्या आसपास तुकडे झाले, आणि त्यांतले पुष्कळ आजही फिरत आहेत. त्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या दोन ओळींवरून जे गणित निघत होते, त्यात ते दोघे एकमेकांपासून ५८४ मीटरवरून जाणार होते. त्या दिवसाच्या धोक्याच्या यादीत त्यांचा क्रमांक पहिला नव्हता. गणित खोटे नव्हते. पण त्या दोन ओळींचा नेमकेपणाच मुळात किलोमीटरभराचा. ५८४ मीटर हा आकडा वाचणाऱ्याने त्यामागचे हे 'अंदाजे' वाचावयास हवे. तेव्हापासून असे जवळून जाणे फार काळजीने तपासतात, ताजी मोजमापे मागवतात आणि गरज पडल्यास उपग्रहाला बाजूला सारतात. स्थानकालाही असे अनेकदा सरकवावे लागले आहे.

आणि वरून पडणाऱ्या वस्तूचे काय, हा माईंचा प्रश्न. त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे. ती कोणत्या दिवशी पडेल हे काही दिवस आधी अंदाजाने सांगता येते. कोठे पडेल, हे शेवटच्या तासांतही नेमके सांगता येत नाही. कारण एक तासाची चूक म्हणजे सत्तावीसअठ्ठावीस हजार किलोमीटर, अर्ध्या पृथ्वीप्रदक्षिणेहून अधिक. म्हणून चांगला गणिती 'अमक्या वेळी' असे न म्हणता 'अमक्या वेळी, इतके तास पुढेमागे' असे म्हणतो. हे पुढेमागे म्हणजे त्याचे अज्ञान नव्हे. तो त्याचा खरेपणा होय. १९७९ साली अफवांत हा भाग गळून गेला, आणि उरले ते फक्त भय. मी रथसप्तमीला तोच भाग गाळला. 'सात वाजून चार मिनिटे' एवढेच सांगितले. 'बावीस दिवसांच्या जुन्या अंकांवरून' हे सांगितले नाही.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी पहाटेच्या फेऱ्या सुरू झाल्या. माईंचे गुडघे पुन्हा गच्चीचा जिना चढू देत नव्हते, म्हणून आमच्या अंगणातून, शेजारच्या कौलांमधून जेवढे आकाश दिसते तेवढ्यात बसेल अशी फेरी मी शोधली. आदल्या रात्री ताज्या ओळी घेतल्या. पहाटे उठून पुन्हा घेतल्या. माईंना सांगितले, "पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी, माई. दोनचार सेकंद इकडेतिकडे." शाल गुंडाळून त्या तुळशीवृंदावनापाशी बसल्या. पाच अठ्ठेचाळीस झाले आणि कौलाच्या कडेवरून तो ठिपका वर आला, शुक्रासारखा तेजस्वी, न लुकलुकता, न आवाज करता, घाईने नव्हे पण न थांबता. आमच्या तुकड्याएवढ्या आकाशातून तो दोन मिनिटे चालला आणि मग नजरेआड झाला.

माईंनी हात जोडले नाहीत, डोळेही पुसले नाहीत. त्यांनी विचारले, "आत माणसं असतात म्हणालीस?" मी म्हटले, "हो. आत्ता या घडीला आहेत." त्या थोडा वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्याची वेळ उद्याच काढ हो. आजची उद्याला नको." उन्हाळा लागला तशी त्यांनी बाज पुन्हा अंगणात टाकायला लावली. पुढच्या श्रावणात त्या गेल्या. मला आठवण होते ती त्या बाजेची.

भगिनींनो, आपल्यापैकी कोणाला हे स्वतः करून पाहावयाचे असेल, तर चार सूचना करते. पहिली, सॉफ्टवेअरमध्ये आपले गाव नीट भरा; मुंबईची वेळ वाईला चालणार नाही. दुसरी, अंक कोणत्या दिवसाचे आहेत ते आधी पाहा. फोनवरची बरीच सॉफ्टवेअर इंटरनेट असेल तर ताजे अंक आपणहून आणतात, संगणकावर मात्र कळ दाबावी लागते. दोनतीन दिवसांहून जुने असतील, तर दाबाच. तिसरी, क्षितिजापासून चाळीस अंशांहून वर चढणारी फेरी निवडा. सॉफ्टवेअरला आपले डोंगर माहीत नसतात. त्याला सारी पृथ्वी सपाट मैदान वाटते, आणि आपल्याकडे तर चारी बाजूंना डोंगर. चौथी, लालहिरवे दिवे लुकलुकत असतील, तर ते विमान. ते पाहून टाळ्या वाजवू नका. हेही माझ्या हातून झाले आहे.

तात्पर्य सांगून आपल्याला कंटाळा आणण्याचा विचार नाही. एवढेच म्हणते, की सुबक छापलेल्या तक्त्याला विचारावा असा एक प्रश्न माईंनी मला शिकवला: हे कधीचे? तो उपग्रहांपुरताच नाही. आमच्या मंडळाची सभासद-यादी घ्या. गेल्या महिन्यात निमंत्रणे घालताना कळले, की तिच्यातील अकरा जणींनी घर बदलून वर्षे लोटली आहेत. यादी मीच ठेवते. तेव्हा आज घरी जाण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत प्रत्येकीने आपला पत्ता नव्याने लिहावा, ही विनंती.

आणि एक. समारंभानंतर ज्या थांबू शकतील, त्यांनी समोरच्या पटांगणात यावे. आज अंधार पडल्यावर स्थानकाची एक चांगली फेरी आहे. वेळ फळ्यावर लिहून ठेवली आहे. तिच्याखाली अंक आज दुपारी दोन वाजताचे आहेत, हेही लिहिले आहे.